जिनिंगच्या फाटकावर शिका: प्रॉडक्ट मॅनेजमेंट, डेटा सायन्स आणि कामाची सुधारणा एकत्र

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं-मुली मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. "दादा, आधी डेटा सायन्स करू की प्रॉडक्ट मॅनेजमेंट? आणि सिक्स सिग्माचं सर्टिफिकेट मधे कुठे बसवू?" सिक्स सिग्मा म्हणजे कामाची प्रोसेस सुधारण्याची एक पद्धत. माझं उत्तर ठरलेलं आहे. तिन्ही बरोबरच शिका, फक्त एकाच कामावर शिका. आणि ते काम घरापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आत शोधा.

हे तीन विषय म्हणजे तीन प्रश्न आहेत. काम कुठे अडतं, हा प्रोसेस सुधारणेचा प्रश्न. किती अडतं आणि कधी अडतं, हा डेटाचा. मग कुणासाठी काय बनवायचं आणि काय बनवायचं नाही, हा प्रॉडक्टचा. वेगवेगळ्या कोर्समध्ये शिकलं की प्रत्येक विषयाचे धडे पाठ होतात, पण एकाचं उत्तर दुसऱ्याला कसं बदलून टाकतं ते कुठेच दिसत नाही. नोकरीत नेमकं तेच लागतं.

मी स्वतः उलटीकडून सुरुवात केली होती. आमच्या तालुक्यातल्या एका जिनिंगबाहेर (जिनिंग म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणारा कारखाना) कापसाच्या गाड्यांची रांग पाहिली आणि घरी येऊन टोकनचं अॅप बनवायला बसलो. दोन महिने त्यात गेले. अॅप चाललं, पण वापरलं कुणीच नाही. कारण पुढे फाटकावर उभं राहिल्यावर कळलं: गाडीसोबत बऱ्याचदा शेतकरी नसतोच, ड्रायव्हर असतो, आणि ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस, टोकनच्या नंबराने माल बघतच नाही. जी गाडी जवळ दिसेल ती आधी. ते दोन महिने तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

पहिली पायरी: काम निवडा

चार गोष्टी बघा. काम दिवसातून अनेकदा घडत असलं पाहिजे, म्हणजे आकडे लवकर जमतात. त्यात कुणाचा तरी वेळ किंवा पैसा डोळ्यांदेखत वाया जात असला पाहिजे. आठवड्यातून दोनदा तिथे जाणं जमलं पाहिजे. आणि आत घेणारं एक ओळखीचं माणूस हवं.

खानदेशात अशा कामांना तोटा नाही. रावेर-यावलकडे केळीची कापणी आणि गाडी भरणं, जळगावच्या औद्योगिक वसाहतीत दालमिल, पाइप आणि चटईचे कारखाने, भुसावळला रेल्वेचा माल, नंदुरबारला पथारीवर वाळणारी मिरची, धुळ्याकडे दूध संकलन. मी उदाहरण जिनिंगचं घेतो, कारण ते मला जवळून माहीत आहे. तुमचं काम वेगळं असलं तरी पायऱ्या याच.

परवानगी मागताना मोठे शब्द वापरू नका. "शेठ, मला शिकायचंय. पंधरा दिवस फाटकावर उभा राहून वेळ लिहितो. कुणाच्या कामात आड येणार नाही, आणि जे सापडेल ते आधी तुम्हाला दाखवतो." एवढं पुरतं. शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, बँकेची माहिती वहीत घेऊच नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला आहे, पण कायद्याच्याही आधी हा विश्वासाचा भाग आहे. पुढे कुठेही लिहाल तेव्हा जिनिंगचं नावही गाळा.

दुसरी पायरी: वही घेऊन उभे राहा

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त शिकणं याच पायरीवर होतं.

टोयोटाच्या ताइइची ओनोंची एक पद्धत सांगितली जाते. नव्या माणसासाठी ते कारखान्यात जमिनीवर खडूने गोल काढायचे आणि त्यात त्याला तासन्‌तास उभं करायचे: इथून हलू नको, काय दिसतं ते बघ. तुमचा गोल जिनिंगचं फाटक.

वहीत आडवे रकाने आखा. गाडी नंबर, वाहनाचा प्रकार, फाटकावर आल्याची वेळ, ग्रेडरने माल बघितल्याची वेळ, भरल्या गाडीचं वजन झाल्याची वेळ, खाली करायला सुरुवात, खाली झाली, रिकाम्या गाडीचं वजन, पावती हातात पडली. शेवटचा रकाना "शेरा" म्हणून मोकळा सोडा. पुढे सगळ्यात कामाचा तोच रकाना ठरतो.

पहिल्या दिवशी सगळे तुमच्याकडे संशयाने बघतील. वॉचमनने मला विचारलं होतं, "काय लिखी ऱ्हायना रे भाऊ?" मी वही त्याच्यापुढे धरली. रकाने वाचून तो म्हणाला, याच्यात एक राहिलंय. ड्रायव्हर जेवायला गेला की गाडी तिथेच अडकते आणि मागच्या चार गाड्या थांबतात, ते कुठे लिहिणार? दुसऱ्या दिवसापासून तो रकाना वाढला. माझ्या या कामातला पहिला खरा शोध त्याचा आहे.

तीन-चार दिवस लिहिल्यावर कागदावर मोठा आडवा नकाशा काढा: गाडी आली तिथपासून गेली तिथपर्यंत. प्रत्येक टप्प्याच्या खाली दोन आकडे टाका, प्रत्यक्ष कामाची मिनिटं आणि नुसतं थांबण्याची मिनिटं. मला वाटत होतं वजनकाटा हळू आहे. लोकही तेच सांगत होते. काट्यावर काही मिनिटांत काम उरकत होतं. खाली करणंही हमाल झपाट्याने करत होते. वेळ जात होता तो ग्रेडरची वाट बघण्यात.

आता "का" विचारायला लागा. पाच वेळा "का" विचारण्याची रीत टोयोटात रुजली, आणि तिचं मूळ टोयोटा समूहाचा पाया घालणाऱ्या साकिची टोयोडांशी जोडलं जातं. ते मुळात मागवाले. त्यांचा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, म्हणजे खराब कापड पुढे विणलंच जात नसे. कापसाच्या मुलखातल्या माणसाला ही गोष्ट लगेच पटते.

गाडी का थांबली? ग्रेडर आला नाही. का? तो शेठच्या फोनची वाट बघत होता. का? आजचा भाव ठरला नव्हता. का? रुई आणि सरकीचा बाजार कळेपर्यंत शेठ भाव उघडत नाहीत. मग गाड्या पहाटेच का येतात? भाव किती वाजता उघडतो हे बाहेर कुणी सांगितलेलंच नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं की लवकर गेलो तर लवकर सुटू.

बघा, टोकनचं अॅप या साखळीतल्या एकाही कडीला हात लावत नव्हतं.

रांगेचा एक साधा हिशेबही इथेच शिकून घ्या. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. समजा आतबाहेर मिळून ४२ गाड्या उभ्या आहेत आणि तासाला ७ गाड्या रिकाम्या होऊन बाहेर पडतात. ४२ भागिले ७, म्हणजे गाडीमागे सरासरी ६ तास. वेग साधारण स्थिर असेल तर फाटकावर उभ्या उभ्या हे सांगता येतं. ड्रायव्हरला खरं उत्तर मिळालं की तो तुमच्याशी बोलायला लागतो, आणि ते बोलणं पुढे लागणार आहे.

सिक्स सिग्माविषयी थोडक्यात. ही पद्धत १९८६ मध्ये मोटोरोलात आकाराला आली. तिच्या पाच टप्प्यांत आधी प्रश्न नीट मांडायचा, मग मोजायचं, कारण शोधायचं, सुधारणा करायची आणि ती टिकवायची. दहा लाखांत ३.४ दोष हे तिचं नावाजलेलं माप. मोठ्या कारखान्यात नोकरी करायची असेल तर ग्रीन बेल्ट, म्हणजे या पद्धतीतलं एक प्रमाणपत्र, उपयोगी पडतो, पण तो हे काम करून झाल्यावर घ्या. परीक्षेतला प्रत्येक शब्द तेव्हा डोळ्यांसमोर उभा राहतो.

तिसरी पायरी: वहीतून शीटमध्ये, शीटमधून पायथनमध्ये

रोज संध्याकाळी वही शीटमध्ये, म्हणजे संगणकावरच्या एक्सेलसारख्या तक्त्यात, उतरवा. त्याच दिवशी, कारण दुसऱ्या दिवशी आपलंच अक्षर लागत नाही.

पहिली आठ-दहा दिवसांची शिकवण नोंदींच्या स्वच्छतेची. एमएच १९ म्हणजे जळगाव, १८ धुळे, ३९ नंदुरबार. गाडी कुठल्या जिल्ह्यात नोंदली आहे ते नंबरावरूनच कळतं, पण त्यासाठी नंबर एकाच पद्धतीने लिहिलेला हवा. कुणी मधे रेघ देतं, कुणी जागा सोडतं. एकच पिकअप दिवसातून दोन खेपा करते, म्हणून नुसता गाडी नंबर ही खूण पुरत नाही. तारीख, नंबर आणि खेप मिळून खूण बनवा. गावांच्या नावांचंही तेच. इंग्रजीत भुसावळ कुणी डब्ल्यू लावून लिहितं, कुणी व्ही लावून. संगणकाला ती दोन गावं वाटतात.

एककांवर तर बसून अर्धा दिवस घालवा. शेतकरी क्विंटलमध्ये बोलतो. रुईचा व्यापारी खंडीत बोलतो, आणि कापसाच्या व्यवहारातली एक खंडी म्हणजे सुमारे ३५५.६ किलो. रुई दाबून बांधणारा प्रेसवाला गाठी मोजतो, एक गाठ १७० किलोची. रुईचा उतारा शेकडा ३४ धरला तर पाच क्विंटल कापसाची एक गाठ होते. शीटमध्ये आधी सगळं किलोत आणा आणि मगच हिशेब करा.

मग आकडे बघा. सरासरीवर एकदम विश्वास ठेवू नका. समजा सात गाड्या ४०, ४५, ५०, ५५, ६०, ६५ आणि ५४० मिनिटं थांबल्या. शेवटच्या ट्रॅक्टरचा टायर बसला होता. सरासरी निघते १२२ मिनिटं, आणि तेवढा वेळ तर कुणीच थांबलेलं नाही. मधली संख्या, म्हणजे मध्यक, ५५. शेठला सांगायचा आकडा हा. पण ५४० पुसून टाकू नका. ती वेगळ्या कारणाची घटना आहे, शेऱ्यात तिचं कारण आहे, आणि तो ट्रॅक्टर मधोमध बसल्यामुळे मागच्यांचं काय झालं ते वेगळं बघायचं आहे.

रोजचा चढउतार आणि खरंच काहीतरी बिघडल्याची खूण यांत फरक कसा करायचा, याचं उत्तर वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये एका पानाच्या टिपणात दिलं: नियंत्रण आलेख. मधे सरासरीची रेघ, वरखाली दोन मर्यादा. बिंदू मर्यादेच्या आत नाचत असेल तर रोज कुणाला बोलावून रागावू नका, ती त्या पद्धतीचीच चाल आहे. बाहेर गेला तर त्याच दिवशी कारण शोधा. मला विचाराल तर संख्याशास्त्रातली एकच गोष्ट कारखान्यात न्यायची झाली तर मी हीच नेईन.

शीटमध्ये पिव्होट टेबल (नोंदींचे गट पाडून बेरजा काढणारा तक्ता) हाताखालचं झालं की एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा, घ्या. चार गोष्टी पुरतात: हवे ते रकाने निवडणं, अट लावणं, गट करून बेरीज-मोजणी, आणि दोन तक्ते जोडणं. जोडणी शिकायला फाटकाची वही आणि काट्याचं रजिस्टर यांच्यासारखी जोडी नाही. दोन्हींत काही गाड्या जुळणार नाहीत. का जुळत नाहीत ते शोधताना तुम्ही खरं डेटाचं काम करत असता.

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा त्यानंतर. संगणक जुना असला तरी चालेल, पायथन चालवायचं गूगल कोलॅब ब्राउझरमध्येच उघडतं आणि सुरुवातीला पैसे लागत नाहीत. पांडाज या पायथनच्या लायब्ररीत (तक्त्यांवर काम करायच्या तयार साधनांचा संच) तुमचीच शीट उघडा आणि आधी शीटमध्ये काढलेलं प्रत्येक उत्तर पुन्हा काढून ताडून बघा. उद्या किती गाड्या येतील याचा अंदाज बांधायचा मोह होईल. बांधा, पण आधी सगळ्यात साधा अंदाज लिहून ठेवा: उद्या आजच्याइतक्याच येतील. तुमचं मॉडेल याच्यापेक्षा कमी चुकत नसेल तर ते कुणाला दाखवू नका. बाजार समित्यांतली रोजची आवक आणि भाव अॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुले आहेत, ते जोडून बघा. पाऊस, दिवाळी, आठवडे बाजार हे रकानेही जोडा.

कोर्स हवाच असेल तर स्वयम् आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणाऱ्या संकेतस्थळांवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे विषय फुकट ऐकता येतात, फी लागते ती परीक्षेला. इंग्रजी कठीण गेलं तर वेग कमी करा आणि प्रत्येक व्याख्यानानंतर जे समजलं ते मराठीत चार ओळींत लिहा.

चौथी पायरी: कुणासाठी, काय, आणि काय नाही

प्रॉडक्ट मॅनेजमेंटची मुळं सांगताना नील मॅकएलरॉय यांच्या १९३१ मधल्या तीन पानांच्या टिपणाचा उल्लेख होतो. प्रॉक्टर अँड गँबलमध्ये साबणाची जाहिरात बघणाऱ्या या माणसाचं म्हणणं होतं की एका ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेणारा एक माणूस असावा. आपल्याकडचं उदाहरण अमळनेरचं. १९४५ मध्ये तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी सुरू झाली. वनस्पती तूप करता करता हाताशी येणाऱ्या मालातून तिने ७८७ नावाचा धुण्याचा साबण काढला. तीच पुढे विप्रो झाली. जळगावातलं दुसरं: जैन उद्योगसमूहाने १९७८ मध्ये बंद पडलेला केळी भुकटीचा कारखाना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन बनवायला घेतलं. यंत्र तेच, माल वेगळा, गिऱ्हाईक वेगळं. हाच प्रॉडक्टचा विचार.

फाटकावर परत या. "वापरणारा" एकटा नाही. शेतकरी, ड्रायव्हर, ग्रेडर, दिवाणजी, हमाल आणि शेठ, सहा जण आहेत आणि प्रत्येकाची गरज वेगळी. प्रत्येकाशी बोला, पण "अॅप दिलं तर वापराल का?" असं कधीच विचारू नका. आपली माणसं भिडस्त. "हो भाऊ, वापरू ना" म्हणतात आणि चहा पाजतात. विचारायचं मागच्या खेपेबद्दल. घरून किती वाजता निघालात? भाव कुणाकडून कळला? थांबलात तेव्हा गाडीचं भाडं वाढलं का? परत गेलात असं कधी झालं का? घडलेल्या गोष्टीत माणूस उगाच होकार देत नाही.

शेठशी बोलताना मला जे कळलं त्याने सगळा प्रश्नच बदलला. रांग त्यांना खटकत नव्हती. उलट बाहेर रांग दिसली की त्यांना निवांत वाटायचं. कारण जिनिंग एकदा सुरू केल्यावर कापूस संपून यंत्रं थांबणं हे त्यांचं खरं नुकसान. मजूर बसून राहतात, प्रेस थांबतो. शेतकऱ्याचा त्रास होता तोच शेठचा विमा होता. म्हणजे "रांग कमी करा" म्हणून मी गेलो असतो तर त्यांनी हसून बोळवण केली असती. मागणी अशी मांडायला हवी होती: यंत्रांना लागणारा कापूस आवारात ढिगाऱ्याच्या रूपात राहील, रस्त्यावर गाड्यांच्या रूपात नाही.

आता एक पान लिहा. त्यात एवढंच: त्रास कुणाला आहे, तो कसा मोजला, काय करून बघायचं, यश कशावरून ठरवायचं, आणि काय करायचं नाही. माझ्या पानावर "करायचं नाही" खाली पहिलं नाव माझ्याच टोकन अॅपचं होतं. करून बघायला निवडलं ते असं: फाटकावर काळा फळा. त्यावर तीन ओळी: भाव किती वाजता उघडणार, किती टक्के ओलाव्याला काय भाव, आणि आत्ता पुढे किती गाड्या. शिवाय आदल्या संध्याकाळी सात वाजता गावोगावच्या ग्रुपवर व्हॉट्सअॅपचा एक निरोप. खर्च खडूचा.

पाचवी पायरी: करून बघा, पण प्रामाणिकपणे

फळा लावल्यावर वेळ घटली, म्हणजे फळ्यामुळेच घटली असं नाही. त्याच आठवड्यात पाऊस पडला असेल आणि गाड्याच कमी आल्या असतील. म्हणून आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा अशी तुलना करू नका. विषम तारखांना फळा आणि निरोप, सम तारखांना काही नाही, असं दोन-तीन आठवडे करा. सुटीचे आणि आठवडे बाजाराचे दिवस आधीच खूण करून ठेवा. लोकांना निरोपाची सवय लागली की सम तारखांवरही थोडा परिणाम दिसतो, तो शेऱ्यात नोंदवा.

दोन आकडे बघायचे. एक, फाटकापासून रिकाम्या वजनापर्यंतचा मध्यक वेळ. दुसरा राखणीचा, म्हणजे यंत्रं कापसाअभावी किती मिनिटं थांबली. पहिला सुधारला आणि दुसरा बिघडला तर शेठच्या दृष्टीने प्रयोग फसला, आणि त्यांचं बरोबर आहे. तसं झालं तर ते लपवू नका. फळ्यावरच्या वेळा सरकवून पुन्हा करून बघा.

वेळेचं गणित

आठवड्याला दहा तास काढता आले तरी पुरे. कापसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास भरात येतो आणि फेब्रुवारी-मार्चकडे ओसरतो, फरदडीचा, म्हणजे त्याच झाडांवरच्या पुढच्या बहराचा, माल शेवटी येतो. म्हणून पावसाळ्यात शीट आणि एसक्यूएल, हंगामात वही, नकाशा, मुलाखती आणि प्रयोग, उन्हाळ्यात पायथन आणि लिखाण. केळी किंवा दूध निवडलं असेल तर हे बंधन नाही.

शेवटी सहा-सात पानांचं टिपण करा: नकाशाचा फोटो, एक नियंत्रण आलेख, ते एक पान, प्रयोगाचा निकाल. पुण्यात मुलाखतीला गेलात की प्रॉडक्ट अॅनालिस्ट, बिझनेस अॅनालिस्ट, असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर या जागांवर हेच टिपण पुढे ठेवा. हमखास प्रश्न येतो की काय बनवायचं नाही हे तुम्ही कसं ठरवलं. तुमच्या पानावर ते तारखेसकट लिहिलेलं असेल.

आणि हंगाम संपायच्या आधी एक दुपार राखून ठेवा. शेठ, ग्रेडर, दिवाणजी आणि वॉचमन यांना एकत्र बसवून आलेख दाखवा, समजेल अशा भाषेत, हवं तर अहिराणीत. फळा कोण पुसणार, सकाळी आकडा कोण लिहिणार, निरोप कोण पाठवणार, तिघांची नावं तिथेच ठरवा. आमच्याकडे फळ्याचं काम वॉचमनने मागून घेतलं. वहीत त्याने आणखी एक रकाना वाढवला आहे: ड्रायव्हरला पाणी दिलं की नाही.